पडद्यावरचे मैदान

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र मी विसरणार नाही. नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या घरी टीव्हीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. वडील तर चक्क नाचले!

पण त्याच वर्षी १९ जानेवारीला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. पुरुष व महिला, दोन्ही संघांनी नेपाळला हरवले. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचेच. त्या दिवशी टीव्हीपुढे मी एकटी होते. आणि मी स्वतः खो-खो खेळते!

१९५२ साली खाशाबा जाधवांची हेलसिंकीची कुस्ती आपल्याकडे कोणी घरबसल्या पाहिली नव्हती. तरीही त्यांच्या स्वागताला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आज सारे दिसते. पण आपण गर्दी पाहील तेवढेच पाहतो.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट असेल. सगळे पाहतील, मीही पाहीन. पण मित्रहो, रोज संध्याकाळी पाच वाजता आपल्याच कॉलेजच्या मैदानावर आम्ही मुली धावत असतो. तिथे बटण दाबावे लागत नाही. फक्त यावे लागते.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला