एक रोगी, चार चिठ्ठ्या

धंतोली-रामदासपेठेतील पाट्या वाचीत गेले तर शरीराच्या प्रत्येक अवयवाला स्वतंत्र तज्ज्ञ लाभल्याचे दिसते. रोगी मात्र एकच असतो. रक्तदाबाची चिठ्ठी एकाची, गुडघेदुखीची दुसऱ्याची, तापाची ‘मेडिकल’मधली, या चिठ्ठ्यांची बेरीज कोणीच करीत नाही. क्रोसिन आणि डोलो ही दोन्ही मुळात पॅरासिटामॉलच. नावे निराळी म्हणून दोन्ही घेतली जातात आणि दुप्पट मात्रेचा भार यकृतावर पडतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या जोडीला अंगदुखीवरची आयबुप्रोफेन पोटात गेली, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

यात दोष केवळ रोग्याच्या अज्ञानाचा नाही. तो बाजाराच्या रचनेचा आहे. औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ सालीच केली होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळ नावाने औषध लिहिण्याची सक्ती ऑगस्ट २०२३ मध्ये केली आणि त्याच महिन्यात ती स्थगितही केली! दबाव कोणाचा, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत एक काम हाती घ्यावे. घरातील प्रत्येक रोग्याची सर्व औषधे, काढे आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसुद्धा, मूळ नावाने व मात्रेसह एका वहीत उतरवून द्यावीत. ती वही प्रत्येक डॉक्टरपुढे, त्यांनी न मागताही, ठेवली जावी. चालू औषध मात्र कोणी आपल्या मनाने थांबवू नये. औषधाची माहिती रोग्याला समजावून देणे हे २०१५ च्या नियमांनुसार नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य आहे. दुकानाच्या फळीवर उभे राहून ते मागून घ्यावे.