तारीख सरकारची, दंड व्यापाऱ्याचा

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक किती वाढेल, याचा अंदाज कापडाच्या साध्या दुकानदारालाही असतो. तो आधीच माल भरतो, दोन पोरे जादा ठेवतो. जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची २० तारीख तर सरकारनेच ठरवलेली. तरीही १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर पहिले कित्येक महिने पोर्टल ऐन मुदतीच्या दिवसांत बसत होते.

खापर इन्फोसिसवर फुटले. २०१५ साली तिला १,३८० कोटींचे काम मिळाले होते आणि तिची जबाबदारी नाकारता येणार नाही. परंतु केंद्राचे कायदे संसदेत मंजूर झाले एप्रिल २०१७ मध्ये. बहुतेक मालाचे दर ठरले १८-१९ मेच्या श्रीनगर बैठकीत. नियम व नमुने त्यानंतरही बदलत राहिले. कायद्याचा नियमच पक्का नसेल, तर संगणकाला शिकवायचे काय? अशा घाईत सर्वांत आधी कात्री लागते ती चाचणीला, कारण ती सर्वांत शेवटी येते. खरेदी-विक्रीची बिले जुळवणारी दोन विवरणपत्रे नोव्हेंबर २०१७ मध्ये थांबवावीच लागली. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही व्यवस्था करदात्याला सोयीची नाही, असे सुनावले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत आरोग्य विम्याचे सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले. पहिल्या दिवशी लाखो लोक आले आणि नोंदणी पूर्ण झाली अवघ्या सहा जणांची! पन्नासहून अधिक ठेकेदार होते. प्रत्येकाचा तुकडा वेगळा, आणि सगळे तुकडे जोडून एकत्र चालवून पाहिले ते अखेरच्या दोन आठवड्यांत. तारीख कायद्याने बांधलेली, राजकीय प्रतिष्ठा पणाला लागलेली. अशा वेळी 'तयारी झालेली नाही' असे वर सांगणार कोण? माझ्या मते मूळ दुखणे हेच आहे. त्याला तांत्रिक बिघाड म्हणणे म्हणजे कारकुनाच्या नावावर साहेबाची चूक लिहिणे होय.

आयकर खात्याचे नवे पोर्टल ७ जून २०२१ ला आले, तेही जुने बंद करून, एका फटक्यात. ऑगस्टमध्ये दोन दिवस ते उघडलेच नाही. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला. मुदत वाढवून दिलेली असतानाही काही करदात्यांकडून व्याज व विलंब शुल्क चुकीने आकारले गेले. निर्णय सरकारने बदलला होता, यंत्राला तो कळला नव्हता.

वक्फ मालमत्तांच्या 'उमीद' पोर्टलचा अनुभव आपल्या मुतवल्लींना ताजा आहे. ६ जून २०२५ ला सुरुवात, सहा महिन्यांची मुदत. १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारून न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. मुदत संपली तेव्हा ५ लाख १७ हजारांवर मालमत्तांची नोंद सुरू झालेली होती, पण मंजुरी होती २ लाख १६ हजारांवर मालमत्तांनाच. पिढ्यान्‌पिढ्यांचे उर्दू-मोडीतले कागद चाळून रकाने भरायला किती दिवस लागतात, हे मुदत ठरवणाऱ्याने एखाद्या छोट्या जिल्ह्यात आधी करून पाहायला हवे होते.

व्यापाऱ्याने मुदत चुकवली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क (व्यवहार शून्य असला तरी २०) आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. पोर्टल बंद होते हे सिद्ध करायला मात्र त्यानेच पडद्याची छायाचित्रे जपायची आणि सल्लागाराची फी भरायची. वस्तुतः पोर्टल कोणत्या घटकेला बंद होते, याची नोंद सरकारच्याच संगणकात असते. तेवढे तास मुदतीत आपोआप वाढवावेत, अर्ज-विनंतीची गरज ठेवू नये. व्यापारी संघटनांनी जीएसटी परिषदेकडे आपल्या राज्याच्या अर्थमंत्र्यांमार्फत ही एकच मागणी लावून धरावी.