आहेरास एक पुस्तक

तुळशीची लग्ने आटोपली म्हणजे आमच्या पातुरात माणसांच्या लग्नांस आरंभ होतो, आणि आहेर काय करावा हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. भांडी नावे घालून द्यावीत, तर ती बहुधा माळ्यावर जाऊन पडतात. म्हणून आम्ही कित्येक वर्षे पुस्तकच देत आलो आहोत, आणि तेही बहुतेक एकच: लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे'.

ही निवड ऐकून कित्येकांच्या कपाळी आठी पडेल. मंगल प्रसंगी, ब्राह्मणाच्या घरी, धर्मांतर केलेल्या बाईचे आत्मचरित्र द्यावयाचे? हा आक्षेप आम्हांस नवा नाही. तो प्रथम आमच्या मातोश्रींनीच घेतला होता.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाहीच. वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे, की सारे घर त्यापायी त्रासून गेलेले. पती नारायण वामन टिळक कवी व विद्वान, परंतु अत्यंत लहरी. काही काळ ते आपल्या विदर्भात, नागपुरासही होते. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि बाई मुलासह नातलगांच्या आश्रयास राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे गेल्या, तरी प्रथम आपला आचार वेगळाच सांभाळीत. पुढे जातिभेद सोडला तो स्वतः विचार करूनच. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला; १९३६ साली त्या वारल्या, आणि चौथा व अखेरचा भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. भाषा अशी, की बाई माजघरात बसून बोलत आहेत असे वाटावे. आणि विनोद बहुतेक स्वतःवरच केलेला.

आमच्या कुटुंबाने हे पुस्तक दुपारी मोठ्याने वाचावयास घेतले, तेव्हा मातोश्री वाती वळीत पाठमोऱ्या बसत. सोवळ्याचे प्रसंग आले तेव्हा त्यांना हसू आवरेना. पुढे पतीच्या धर्मांतराची वार्ता येऊन बाईंवर आकाश कोसळते, तो भाग आला, आणि वातीवरचा हात थांबला. "मग तिला ठेवून कोणी घेतलं?" एवढेच त्यांनी विचारले.

आमची एक मावशी नवऱ्याने टाकलेली. ती दूरच्या नातलगांकडे राही. सणावारी तिचे नाव आमच्या घरी निघत नसे, आणि आम्ही, मास्तर म्हणवणारे, तेही कधी काढले नव्हते. त्या रात्री मातोश्री म्हणाल्या, "अरे, यंदा दिवाळीला तिला घेऊन ये." मावशी आली, ती अखेरपर्यंत आमच्याकडेच राहिली. मातोश्रींचे सोवळे काही सुटले नाही, की देवपूजेत खंड पडला नाही. धर्म जाईल हे भय व्यर्थ ठरले. घरात एक माणूस मात्र वाढले.

पुस्तक भेट देताना दोन गोष्टी पाळाव्यात. आपण स्वतः न वाचलेले पुस्तक कोणास देऊ नये. घेणारा उद्या त्याविषयी बोलू लागला तर आपणांस खाली पाहावे लागते. दुसरे, 'स्मृतिचित्रे'च्या संक्षिप्त आवृत्त्याही निघालेल्या आहेत. परंतु शक्य तो संपूर्ण ग्रंथच द्यावा. काटछाटीत बारीकसारीक घरगुती प्रसंगच आधी जातात, आणि या पुस्तकाचा जीव त्यांतच आहे.

येत्या महिन्यात आमच्या पुतणीचे लग्न आहे. अकोल्याहून दोन प्रती आणविल्या आहेत. एक तिच्यासाठी, दुसरी तिच्या सासूबाईंसाठी. एकट्या सुनेने वाचले तर ते पुस्तक तिच्या पेटीत राहील. दोघींनी वाचले तर दुपारी बोलावयास काही विषय तरी होईल. पहिल्या पानावर नाव व तिथी आम्ही आजच घालून ठेवली आहे.