सरासरीत हरवलेला शेतकरी

अर्थशास्त्राच्या तासाला आपण सरासरी काढायला लवकर शिकतो. ती काय लपवते हे मात्र शेताच्या बांधावर कळते. आपल्या सिंदी परिसरात कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके. २०१६ पासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना प्रामुख्याने सरासरीवरच उभी आहे.

या विचाराचा पाया मराठी अर्थतज्ज्ञाने घातला. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात मांडले की, प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे मोजणे खर्चाचे आणि वादाचे. म्हणून क्षेत्राची सरासरी घ्यावी व सर्वांना एकाच दराने भरपाई द्यावी. १९७९ मध्ये प्रायोगिक व १९८५ मध्ये सर्वंकष पीक विमा योजना आली, ती याच तत्त्वावर.

हिशेब असा. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणतात. ते उंबरठा उत्पन्न. समजा, सरासरी १० क्विंटल आणि जोखीमस्तर ७० टक्के. म्हणजे उंबरठा ७. आता दहा सारख्या शेतांपैकी नऊ शेतांत ८ क्विंटल पिकले आणि नाल्याकाठच्या दहाव्यात काहीच नाही. सरासरी ७.२. भरपाई कोणालाच नाही!

विमाशास्त्राला हे अपरिचित नाही. दाव्यांच्या रकमा मांडल्या तर लहान दावे पुष्कळ आणि प्रचंड दावे मोजके, असे लांब शेपटीचे चित्र बहुधा दिसते. म्हणून ते शास्त्र लॉगनॉर्मल, पॅरेटो अशी वितरणे वापरते. कंपनी आपल्या बुडण्याचा धोका त्या शेपटीत शोधते. शेतकऱ्याचे बुडणे मात्र सरासरीत विरघळते. हा न्याय एकतर्फी नाही काय?

दांडेकरांची अडचण आजही खरी आहे. घरोघरी पंचनामे म्हणजे वशिल्याला वाव. म्हणून सरासरी टाकून द्या, असे मी म्हणत नाही. पण पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीबरोबर प्रत्येक प्रयोगाचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. आकड्यांत तफावत मोठी असेल, तर महसूल मंडळाऐवजी गाव हे एकक धरावे. ते आकडे वाचून गावाला समजावण्याचे काम आपण विद्यार्थ्यांनी करावे. घरातल्या पहिल्या पदवीचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.