‘मुलगा बघतो की सगळं!’

आमच्या बागेतल्या कट्ट्यावरची निम्मी मंडळी अमेरिकेला जाऊन आलेली आहेत आणि उरलेली जायच्या तयारीत आहेत. कुणाच्या लेकीचं बाळंतपण, कुणाच्या मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत. तयारी म्हणजे काय, तर भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लोकरीच्या टोप्या आणि सहा महिन्यांची औषधं. आणि कागदपत्रं? “ते काय, मुलगा बघतो की सगळं!”

हे वाक्य ज्या अभिमानानं म्हटलं जातं ना, त्या अभिमानाशीच माझं भांडण आहे. उभा जन्म ज्यांनी वाणसामानाची यादीसुद्धा दोनदा तपासली, घराचं खरेदीखत वकिलासमोर ओळ न् ओळ वाचलं, तीच माणसं परदेशी निघाली की एकदम कुक्कुबाळ होतात. आणि मुलंही कौतुकानं होऊ देतात.

मुळात अर्जच बघा. अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० हा अर्ज संगणकावर भरायचा, उत्तरं इंग्रजीत लिहायची. मुलगा तिकडे रात्री जागून तो भरतो. भरू दे, मदतीला ना नाही. अर्ज भरायला कुणी मदत केली का, असा प्रश्न त्या अर्जातच विचारलेला असतो. पण शेवटची सही मात्र अर्जदारानंच करायची असते. म्हणजे आतल्या एकूण एक उत्तराला तुम्ही बांधलेले. मी बत्तीस वर्षं परीक्षागृहात पर्यवेक्षण केलं. दुसऱ्यानं लिहिलेल्या उत्तरपत्रिकेवर आपला नंबर टाकणाऱ्याला आम्ही काय म्हणायचो, ते इथे लिहीत नाही.

मग मुलाखत. मुंबईत ती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. पूर्वी ७९ वर्षांवरच्यांना बहुधा तिथे जावं लागत नसे, पण सप्टेंबर २०२५ पासून त्यांनाही साधारणपणे जावंच लागतं. अर्जात मुलानं लिहिलंय दोन महिने आणि आई खिडकीशी सांगते सहा महिने! समोरच्या अधिकाऱ्याचा तुमच्यावर राग नसतो. पण तिथला कायदाच असा आहे, की हा माणूस कायमचा राहायला चाललाय असं आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमची.

इथे आमच्या जुन्या शत्रूची गाठ पडते. गाईड! शाळेत ‘अपेक्षित प्रश्नसंच’ विकणारे होते, तसे इथे एजंट आहेत. पैसे घेऊन साठी-सत्तरीच्या माणसांकडून उत्तरं घोकून घेतात. “बाळंतपणाचं बोलूच नका, फिरायला चाललोय म्हणा.” अरे, पण का? मुलीला भेटायला जाणं, तिच्याकडे राहणं, यासाठीच तर तो बी-२ व्हिसा असतो. मेहनताना घेऊन काम करता येत नाही, हे खरं. पण लेकीला डिंकाचे लाडू करून घालायचे पैसे कोण घेतं? उलट महत्त्वाच्या गोष्टीत जाणूनबुजून खोटं बोलल्याचं ठरलं, तर प्रवेशावर बंदी येते आणि ती कायमची असते. विशेष माफी मिळाली तरच सुटका. पढवलेलं खोटं सांगण्यापेक्षा खरं ते आपल्या भाषेत सांगावं. मुंबईत मुलाखत मराठीतूनही देता येते.

आता ज्याच्यासाठी हा एवढा खटाटोप केला ती गोष्ट. “आम्हाला दहा वर्षांचा व्हिसा मिळाला!” पेढे वाटतात लोक. कशाचे दहा वर्षांचे? पासपोर्टात चिकटवलेला तो कागद म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. दहा वर्षांत कितीदाही दारात जा. आत घ्यायचं की नाही आणि घेतलं तर किती दिवस, हे तिथे उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आपल्यासारख्या पाहुण्यांना तो साधारणपणे सहा महिने देतो. ती तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते. पूर्वी विमानात पांढरा छापील फॉर्म वाटायचे, पेन मागत मागत सगळे तो भरायचे, आणि त्याचा एक तुकडा पासपोर्टात टाचलेला असायचा. निदान डोळ्यांना दिसायचा तरी! २०१३ पासून विमानानं जाणाऱ्यांसाठी ती नोंद संगणकात गेली. हल्ली पासपोर्टावर शिक्का मारतीलच असंही नाही. मग ती तारीख ठाऊक कुणाला? मुलाला. तो ऑफिसच्या धबडग्यात. आणि सुटीचं स्वस्त तिकीट बघून परतीची तारीख तीन आठवडे पुढे ढकलली जाते.

मुदतीनंतर एक दिवस जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. एकशे ऐंशी दिवसांहून जास्त राहून परतलात तर तीन वर्षं बंदी, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. पंचाहत्तरीच्या माणसाला दहा वर्षं म्हणजे काय, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

मार्च २०२० मध्ये आपल्याकडची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, तेव्हा कितीतरी आईवडील तिकडे अडकले. मुदत संपायच्या आत वाढवून मागता येते, त्याचा वेगळा अर्ज आहे. पण मुदत कधी संपते हे माहीत असेल तर ना! ही नोंद अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. उतरल्यावर दोन-चार दिवसांत बघावी, छापून घ्यावी, फ्रिजवर लावावी. त्यात कधीकधी चुकाही असतात, त्या वेळीच कळवल्या तर दुरुस्त होतात. आणि हो, ती माणसं महिना आधी लिहितात, दिवस नंतर. ५ ऑगस्ट आणि ८ मे यांत गल्लत नको.

खाण्याचं थोडक्यात सांगते. विचारलं की “हो, आहे” म्हणायचं. सांगितलेली वस्तू चालत नसली तर काढून घेतात, दंड नाही. लपवलेली सापडली तर हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हापूस २००७ पासून अमेरिकेत जातो हे खरं, पण तो विकिरण प्रक्रिया करून, रीतसर पेटीतून. बॅगेत पंच्यात लपेटून नव्हे.

“अहो, पण आम्हाला इंग्रजी कुठे येतं एवढं?” मीही मराठी माध्यमातूनच बी.ए. केलं. शब्दकोश घेऊन बसते, अडेल तिथे विचारते. विचारण्यात कसली लाज? मुलांना मात्र एक सुनवायचं आहे. “आई-बाबांना उगाच टेन्शन नको” म्हणून तुम्ही कागद दाखवत नाही, तो लाड नव्हे. विमानतळावरच्या खिडकीशी तुम्ही नसता रे बाबांनो! तिथे ती दोघंच असतात, आणि कुठे राहणार, पत्ता काय, हे त्यांनाच विचारतात. पत्ता मोबाइलमध्ये, आणि मोबाइलची बॅटरी संपलेली.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींना मी त्यांच्या अर्जाची पानं छापून आणायला लावली, पाठवण्याआधी. दोघी बसलो, चष्मे पुसले, वाचायला दोन तास लागले. भाऊजींचं जन्मसाल चुकलं होतं, आणि वहिनींची चौदा वर्षांची नोकरी अर्जात कुठेच नव्हती. ‘गृहिणी’ म्हणून मोकळा झाला होता मुलगा. वहिनींनी तिथूनच फोन लावला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, “आई, तू कशाला वाचत बसलीस?”