दलाली जुनी, दुवा नवा

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझे एक जुने स्नेही आपल्या नातवाला घेऊन घरी आले. इतवारीत त्यांचे भांड्यांचे दुकान आहे. नातू बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. स्नेही बसल्याबसल्या म्हणाले, "याला तुम्हीच विचारा. हा म्हणतो, मी अ‍ॅफिलिएट मार्केटिंग करतो. मला कळले ते एवढेच, की याने आत्याकडून नऊ हजार रुपये घेऊन कुठेतरी भरले आणि दोन मामेभावांनाही तेवढेच भरायला लावले."

मुलगा नम्र होता, पण आपल्या म्हणण्यावर ठाम होता. "आजोबा, यात चुकीचे काही नाही. आपण एक कोर्स विकत घ्यायचा. मग तोच कोर्स आपण दुसऱ्याला दिला, की त्याच्या रकमेतले अर्धे पैसे आपले."

मी विचारले, "कोर्स कशाचा?"

"अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचाच."

"आणि तो शिकून तू विकतोस काय?"

"हाच कोर्स," असे म्हणून तो थांबला. आपण काय बोललो हे त्याचे त्यालाच जाणवले असावे.

त्या दुपारी त्याच्याशी जे बोललो ते या महिन्याच्या लेखात सविस्तर मांडतो. कारण हा शब्द आता बहुतेक व्यापारी घरांत पोहोचला आहे. मुले त्यामागे धावतात, वडीलधारी मंडळी त्याला लबाडी म्हणून मोकळी होतात. दोघांनीही मूळ व्यवहार नीट पाहिलेला नसतो.

हा मूळ व्यवहार आपल्याला नवा नाही. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे दलाली. मालाचा धनी एक, घेणारा दुसरा आणि दोघांची गाठ घालून देणारा तिसरा. सौदा झाला तर तिसऱ्याला ठरलेला मोबदला, न झाला तर काही नाही. इतवारीच्या पेठांतून आणि कळमन्याच्या बाजारातून पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे. पूर्वी ओळखीचा माणूस गिऱ्हाइकाच्या हाती चिठ्ठी देई, दुकानदार ती पाहून चिठ्ठी देणाऱ्याच्या नावे दलाली लिहून ठेवी. आज चिठ्ठीच्या जागी संगणकीय दुवा, म्हणजे लिंक आली आहे.

अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनी मुख्यतः पुस्तके विकत असताना, जुलै १९९६ मध्ये तिने 'असोसिएट्स' ही योजना सुरू केली. कोणीही आपल्या संकेतस्थळावर एखाद्या पुस्तकाची शिफारस करावी, तेथून येऊन वाचकाने पुस्तक घेतले तर शिफारस करणाऱ्याला टक्केवारी मिळावी, अशी ती व्यवस्था होती. भारतात या कंपनीची विक्री जून २०१३ मध्ये सुरू झाली आणि येथेही ही योजना आहे. तिच्यासारख्या इतर कंपन्यांच्या योजनाही पुष्कळ आहेत.

आता दुव्याचे काम कसे चालते ते पाहू. योजनेत नाव नोंदविणाऱ्याला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. तो ज्या वस्तूची शिफारस करील तिच्या दुव्यात हा क्रमांक गुंफलेला असतो. ग्राहकाने दुव्यावर बोट ठेवले, की त्याच्या मोबाईलमध्ये एक छोटी नोंद राहते. तिला 'कुकी' म्हणतात. ही आपली जुनी चिठ्ठीच, फक्त तिला मुदत असते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत ही मुदत साधारण २४ तासांची आहे. त्या वेळात ग्राहकाने खरेदी केली तर दलाली तुमची. मध्येच त्याने दुसऱ्या कोणाच्या दुव्यावरून प्रवेश केला, तर बहुतेक योजनांत शेवटच्या दुव्याचा मालक दलाली घेऊन जातो. ग्राहकाने माल परत केला तर जमा झालेली दलालीही परत जाते. म्हणूनच पैसे लगेच हाती येत नाहीत. परतीची मुदत उलटून जाईपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने थांबावे लागते. स्वतःच्याच दुव्यावरून स्वतःसाठी केलेली खरेदी सहसा धरली जात नाही.

मिळकत किती? दर मालागणिक वेगळे असतात आणि ते बदलत राहतात. मोबाईल, सोन्याची नाणी अशा कमी नफ्याच्या मालावर दर अगदी अल्प असतो. कपडे व घरगुती वस्तूंवर त्याहून बरा. समजा, एका कढईची कर वगळून किंमत ८०० रुपये आहे आणि दर ५ टक्के आहे. तुमचे लिखाण १,००० जणांनी पाहिले, त्यातील ५० जणांनी दुवा उघडला आणि दोघांनी कढई घेतली. तुमची मिळकत झाली ८० रुपये. हा आकडा मुद्दाम देतो आहे. घरबसल्या महिन्याला लाखाची भाषा करणाऱ्या प्रत्येकाला असा हिशेब कागदावर मांडायला सांगावे.

येथे एक मूळ प्रश्न येतो: दलाली येते कोणाच्या पैशातून? हा प्रश्नही आपल्या बाजाराला परका नाही. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा राज्यभर बाजार बंद राहिले होते. दलाली कोणाच्या खिशातून जाते यावर संपूर्ण व्यवहाराचे स्वरूप ठरते. खऱ्या अ‍ॅफिलिएट व्यवहारात ती विक्रेत्याच्या नफ्यातून येते, आणि तीही खऱ्या ग्राहकाने खरा माल घेतल्यावर. नाव नोंदविण्यासाठी दलालाला एक रुपयाही भरावा लागत नाही. आपल्या बाजारात दलालाने दुकानदाराला आधी नऊ हजार दिल्याचे कोणी ऐकले आहे काय?

जेथे दलाली नव्याने येणाऱ्याने भरलेल्या रकमेतून निघते, तेथे माल नावापुरता असतो. शेवटी आलेल्याच्या मागे कोणी आले नाही की त्याचे पैसे बुडतात. आणि शेवटी आलेला बहुधा आपला मामेभाऊ असतो. स्पीक एशियाचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. ११,००० रुपये भरा, संगणकावर प्रश्नावली भरा, आणखी माणसे आणा आणि कमवा, असे तिचे स्वरूप होते. २०११ साली देणी थांबली आणि प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेले. अशा पैसा फिरविणाऱ्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्यानेच बंदी आहे. २८ डिसेंबर २०२१ रोजी आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी तीच बंदी पुन्हा स्पष्ट केली. सर्वच शिक्षणवर्ग खोटे असतात असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या वर्गाची कमाई तोच वर्ग पुढे विकण्यात आहे, त्यापासून दूर राहावे.

मग खरा आरंभ कसा करावा?

प्रथम, आपल्याला ज्यातले कळते तोच विषय घ्यावा. व्यापारी घरातील मुलांपाशी हे भांडवल जन्मापासून असते. स्टीलच्या भांड्याचा तळ पाहून त्याची जाडी सांगणे, मिरचीचा रंग पाहून तिची जात ओळखणे, कापड चिमटीत धरून सूत किती ते सांगणे, हे ज्ञान शहरातील नव्या संसाराला हवे आहे आणि ते मराठीत सांगणारे थोडे आहेत. लेख लिहावा किंवा लहानसा व्हिडिओ करावा. वस्तूचे गुण सांगावेत तसे दोषही सांगावेत. जी वस्तू आपल्या घरात चालत नाही, तिची शिफारस केवळ टक्का अधिक मिळतो म्हणून करू नये.

दुसरे, आपण दलाल आहोत हे लपवू नये. ही आता केवळ सदाचाराची गोष्ट राहिलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सोपी सूचनापुस्तिका दिली. पैसा, भेटवस्तू, सवलत असा कोणताही लाभ मिळत असेल तर तो सहज दिसेल अशा रीतीने आणि शिफारशीच्याच भाषेत सांगावा लागतो. शिफारस मराठीत आणि खुलासा कोपऱ्यात बारीक इंग्रजीत, हे चालणार नाही. फसव्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायद्यान्वये १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "या दुव्यावरून खरेदी केल्यास मला दलाली मिळते" हे एक सरळ वाक्य पुरते.

तिसरे, हिशेब. दलाली हे करपात्र उत्पन्न आहे. एका देणाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांहून अधिक दलाली झाली तर सध्या २ टक्के कर कापून उरलेली रक्कम हाती येते. पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्के. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जी.एस.टी. नोंदणीची सहसा सक्ती नाही. पण येथे व्यापारी घरांनी जपावे. दुकान ज्या पॅनवर जी.एस.टी.मध्ये नोंदलेले आहे, त्याच पॅनवर मुलाची दलाली घेऊ लागलात तर ही सवलत मिळत नाही. ती रक्कम दुकानाच्या विवरणपत्रात दाखवून त्यावरील करही भरावा लागतो. म्हणून मुलाचे पॅन व बँक खाते वेगळे असावे आणि पहिल्या महिन्यातच आपल्या सी.ए.शी बोलून घ्यावे.

ही व्यवस्था उलट बाजूनेही पाहण्याजोगी आहे. आपण दुकानदार आहोत. आपणही दलाल नेमू शकतो. संत्रा बर्फी करणाऱ्या एखाद्या पेढीने पाककृती सांगणाऱ्या भगिनीला स्वतंत्र सवलत-संकेत द्यावा, त्या संकेतावर जितका माल जाईल त्यावर तिला टक्केवारी द्यावी. जाहिरातीचा खर्च विक्रीनंतरच पडतो, हा त्यातील मोठा लाभ. दर आपल्या नफ्यातून ठरवावा, परतीच्या मालावर दलाली नाही हे लेखी असावे आणि महिन्याच्या महिन्याला हिशेब चुकता करावा. मागील वर्षी उलाढाल १ कोटीहून अधिक असेल तर एकट्या मालकाच्या दुकानानेही वरील कर कापून भरावयाचा असतो. भागीदारी पेढीला आणि कंपनीला तर उलाढालीची ही अटही नाही.

एक जुनी आठवण सांगतो. मी बँकेत लागलो तेव्हा नवे खाते उघडण्यासाठी जुन्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागत असे. एकदा धान्याच्या एका वयोवृद्ध व्यापाऱ्याकडे त्यांच्याच दूरच्या पुतण्याचा फॉर्म घेऊन आमचा शिपाई गेला. त्यांनी तो सही न करता परत पाठविला. मी नंतर सहज विचारले, तेव्हा म्हणाले, "मुलगा वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण त्याचा व्यवहार मी पाहिलेला नाही. न पाहिलेल्याची ओळख कशी देऊ?" त्या सहीचा त्यांना एक पैसाही मिळणार नव्हता. तरीही तिची किंमत त्यांना ठाऊक होती. आता तर सहीचे पैसे मिळतात, तेव्हा ती अधिकच जपून करायला हवी.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. जाताना एवढेच म्हणाला, "भावांचे पैसे मला द्यावे लागतील." ज्या कंपनीत रक्कम भरली होती तिने परताव्याला नकार दिला. मुलगा कॉलेज सुटल्यावर आजोबांच्या दुकानात बसू लागला आणि आठ महिन्यांत त्याने दोन्ही भावांची रक्कम फेडली. आत्याने आपले पैसे मागितले नाहीत. तेही तो आता थोडेथोडे देतो आहे.

याच काळात त्याने भांड्यांविषयी मराठीत लहान व्हिडिओ करायला सुरुवात केली. कुकरची रबरी रिंग केव्हा बदलावी, स्टीलची कढई का करपते, तांब्याचा लोटा कशाने घासावा. प्रत्येक व्हिडिओच्या आरंभीच तो दलालीचे वाक्य स्वतः बोलतो. पहिल्या तीन महिन्यांची मिळकत ३१२ रुपये झाली. गेल्या आठवड्यात दुकानात गेलो तेव्हा स्नेह्यांनी हसत त्याची वेगळी वही पुढे केली. त्यात तारीखवार जमा होती, आणि दोन ठिकाणी माल परत आल्यामुळे वजा केलेली दलालीही त्याने प्रामाणिकपणे लिहिली होती.

आपल्या घरी कोणी असा व्यवसाय करू म्हणत असेल तर त्याला रागे भरू नका आणि आंधळेपणाने पैसेही देऊ नका. शेजारी बसवून तीन प्रश्न विचारा: माल कोणता आहे, तो शेवटी कोण वापरतो, आणि तुझी दलाली कोणाच्या खिशातून येते? तिन्हींची उत्तरे सरळ आली तर त्याला एक कोरी वही आणून द्या.