गॅरेजची दंतकथा आणि सहा शब्दांची साक्ष

१/ घरगुती संगणक १९७०च्या दशकात मूठभर तरुणांनी गॅरेजमध्ये, कोणाच्याही आधाराविना जन्माला घातला, ही कथा लोकप्रिय आहे. इतिहास म्हणून ती तोकडी आहे. त्या काळच्या वापरकर्त्याला पहिल्याच दिवशी शिकावे लागलेले साधे शब्दच तिच्याविरुद्ध साक्ष देतात.

२/ आधी यंत्र. जानेवारी १९७५च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' झळकला. कीबोर्ड नाही, पडदा नाही. दर्शनी भागावर खटके आणि दिवे, स्मृती अवघी २५६ बाइट. १९७७ मध्ये ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० आले आणि संगणक जोडणी करून तयार असा घरी येऊ लागला.

३/ बिट: शून्य किंवा एक, एवढीच माहिती. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी आपल्या शोधनिबंधात हा शब्द वापरला आणि त्याचे श्रेय जॉन टुकी यांना दिले. शॅनन तेव्हा बेल लॅब्समध्ये होते. गॅरेजचा येथे मागमूसही नाही.

४/ बाइट: आयबीएमच्या 'स्ट्रेच' प्रकल्पात वर्नर बुखहोल्ट्झ यांनी १९५६ मध्ये घडवलेला शब्द. 'बिट'शी गल्लत होऊ नये म्हणून स्पेलिंगमध्ये मुद्दाम 'वाय' घातला गेला. पहिले स्ट्रेच यंत्र गेले ते लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत. आठ बिटांचा बाइट रूढ केला तो १९६४च्या सिस्टिम/३६० ने.

५/ बग: ग्रेस हॉपर यांनी हा शब्द शोधला, असे सर्रास सांगितले जाते. हार्वर्डमध्ये नौदलासाठी बांधलेल्या 'मार्क टू' यंत्रात १९४७ साली पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरे. परंतु 'खराखुरा बग प्रथमच सापडला' अशा आशयाची ती नोंदच शब्द जुना असल्याचे सिद्ध करते. विनोद कळण्यासाठी शब्द आधी ठाऊक असावा लागतो. एडिसनने १८७८ च्या पत्रात तो यंत्रातील दोषासाठीच वापरला होता.

६/ बूट: स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे, या इंग्रजी कल्पनेतून आलेला शब्द. स्मृती रिकामी असता प्रोग्राम वाचायलाही प्रोग्रामच लागतो. म्हणून मोजक्या आज्ञा आधी भरायच्या आणि त्यांनी पुढचे सारे ओढून घ्यायचे. १९५०च्या दशकातील महाकाय यंत्रांची ही युक्ती अल्टेअरचा मालक खटके वरखाली करून गिरवत होता.

७/ बेसिक: १ मे १९६४, डार्टमथ कॉलेज. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या प्राध्यापकांनी विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून ही भाषा रचली. अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने अनुदान दिले. मायक्रोसॉफ्टचे पहिले उत्पादन याच भाषेची अल्टेअरसाठीची आवृत्ती होते.

८/ फ्लॉपी: आयबीएम, १९७१, आठ इंच. मोठ्या यंत्रांना त्यांच्या अंतर्गत आज्ञा पुरवण्यासाठी. घरगुती संगणकांत रुळलेली सव्वापाच इंची फ्लॉपी १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सने आणली. त्या कंपनीचे संस्थापक ॲलन शुगार्ट आयबीएममध्येच घडले होते.

९/ यावर आक्षेप येईल: शब्द जुने असतील, पण ते घराघरांत कोणी नेले? आक्षेप रास्त आहे. पूर्वी पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरच्या हाती देऊन ताटकळत बसावे लागे; ती भिंत छंदिष्टांनी पाडली, हे श्रेय त्यांचेच. परंतु कालव्याने पाणी शेतात आणले म्हणून नदी कालव्याने निर्माण केली, असे ठरत नाही.

१०/ हा वाद केवळ शब्दांच्या व्युत्पत्तीचा नाही. गॅरेजच्या कथेतून करदाते, विद्यापीठे आणि अनामिक अभियंते वगळले जातात. मग संशोधनावर सार्वजनिक पैसा कशाला, असा प्रश्न निर्लज्जपणे विचारता येतो. त्याचे उत्तर संगणक सुरू करताना रोज उच्चारल्या जाणाऱ्या 'बूट' या एका शब्दातच आहे: स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून कोणीही वर उठत नाही, आधी कोणीतरी पहिल्या आज्ञा भरलेल्या असतात.